पोटातलं ओठावर

ऑफिसात मी 'हर्निया' सांगितला होता. बाबांनाही हर्नियाच. शेजारच्या काकूंना 'पोटाचं काहीतरी'. खरं फक्त आईला माहीत होतं, आणि आता तुम्हाला. मी लायपोसक्शन करून घेतलं. पोटावरची आणि कमरेवरची चरबी काढली आणि त्यातलीच थोडी हिप्समध्ये भरली. या खिशातले पैसे त्या खिशात, इतकं सोपं वाटलं होतं मला!

जाहिरातीत 'बिफोर' आणि 'आफ्टर' असे दोन फोटो असतात. मधला फोटो कुणी छापत नाही. मधला फोटो म्हणजे माझगावातलं आमचं वन रूम किचन, पलंगावर भाचीच्या बाळपणची रबरी चादर आणि तिच्यावर गळणारी मी. हो, गळणारी. चरबी ओढण्याआधी तिच्यात सलाइन, बधिर करायचं औषध आणि अ‍ॅड्रिनलिन मिसळून भरतात. त्यामुळे रक्त कमी जातं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. जेफ्री क्लाइन यांनी ही पद्धत रूढ केली. त्यांचे उपकारच, पण तेच पाणी पुढचे दोन दिवस बारीक छेदांतून गुलाबी होऊन झिरपत राहतं. आईने जुने टॉवेल काढले आणि एक शब्द न बोलता बदलत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

झोपायचे तर वांधेच. पाठीवर झोपायचं नाही, कारण नवी चरबी दबते. पोटावर झोपवत नाही, कारण तिथे ट्रक गेल्यासारखं दुखतं. बसायचं तर मांड्यांखाली उशी घेऊन, हिप्स अधांतरी ठेवून. छातीखालपासून गुडघ्यापर्यंत प्रेशर गारमेंट, दीड महिना. तो उतरवायला आणि चढवायला दोन माणसं लागतात. धुतला की गॅलरीतल्या दोरीवर टाकायची सोय नाही, समोरच्या बिल्डिंगला कळेल. मग पंख्याखाली खुर्चीवर वाळत घालायचा. तिसऱ्या दिवशी हौसेने वजनकाट्यावर उभी राहिले, तर दोन किलो जास्त! सूज. लायपो हा वजन कमी करायचा उपाय नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि ऐकलं मात्र नव्हतं.

"आणि ही जी भरलीय, ती राहणार का तिथे?" आईने चौथ्या दिवशी पहिला प्रश्न विचारला. म्हटलं, सगळी नाही. भरलेल्या चरबीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या पेशींतून जे मिळेल त्यावर ती तग धरते. नव्या रक्तवाहिन्या पोचल्या तर जगते, नाहीतर शरीर ती जिरवून टाकतं. खरा आकार कळायला तीन ते सहा महिने जातात. आई कोकणातली. म्हणाली, "म्हणजे भाताची लावणीच की. सगळी रोपं थोडीच धरतात?" डॉक्टरांच्या अर्ध्या तासापेक्षा हे मला जास्त कळलं.

सहाव्या रात्री डाव्या पोटरीत कळ आली. पाय जरा गरमही वाटत होता. डिस्चार्जच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: एका पायात दुखणं किंवा सूज आली तर ताबडतोब फोन करा, दम लागला तर थेट इमर्जन्सी. पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. हे सगळं माहीत असून मी दोन तास अंधारात पडून राहिले. का? कारण फोन केला असता तर हॉस्पिटलात जावं लागलं असतं, बाबा उठले असते, हर्नियाचं पितळ उघडं पडलं असतं. आणि आई म्हणाली असती, "सांगत होते ना!" दोन तास मी गुठळीपेक्षा या एका वाक्याला जास्त घाबरत होते.

शेवटी आईला हलवलं. ती "सांगत होते" म्हणाली नाही. म्हणाली, "चप्पल घाल." कलर डॉप्लर झाला. शिरा साफ होत्या. वेडंवाकडं झोपून स्नायू अवघडला होता. टॅक्सीत मी रडले. आईने पदराने डोळे पुसले, आधी माझे, मग तिचे.

प्लास्टिक सर्जरीचा इतिहास मी नंतर पडल्यापडल्या वाचला. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यातल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं, आणि ती हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. आमच्या घराजवळच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे पुन्हा उभे केले. आणि मी? जीन्ससाठी. वाचून ओशाळले. पण दहा वर्षं ट्रायल रूममध्ये डोळे मिटून कपडे बदलले आहेत, तेही खोटं नाही. पश्चात्ताप ऑपरेशनचा नाही, लपवण्याचा आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर एवढंच. सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी बघा, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तपासा. हिप्समध्ये भरणार असाल तर चरबी स्नायूत जाणार की फक्त कातडीखाली, हे तोंडावर विचारा. स्नायूतल्या मोठ्या शिरांत चरबी शिरून मृत्यू झालेत, आणि २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्नायूत भरू नका असा इशारा दिला. मेडिक्लेम सहसा मिळत नाही. आणि घरात किमान एका माणसाला सगळं खरं सांगा, रात्री दोन वाजता उठवता येईल अशा.

तीन आठवड्यांनी बाबांबरोबर डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या बाप्टिस्टा बागेच्या पायऱ्या चढले, सावकाश. वरून गोदी दिसली. बाबा माझगाव डॉकमधून रिटायर झालेले, त्यांची नजर क्रेनवर. म्हटलं, बाबा, तो हर्निया नव्हता.

"माहितीये," ते क्रेनकडेच बघत म्हणाले. "हर्नियावाला मांडीखाली उशी घेऊन बसत नाही."

मग जरा वेळाने, "दुखतंय का अजून?"