सोपे विज्ञान, अवघड विज्ञान

2020 च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने शाळेतील सर्व विषयांची शिकवणी व परीक्षा दोन पातळ्यांवर घेण्याची वाट मोकळी करून दिली. केंद्रीय मंडळाने दहावीच्या गणितात हा प्रकार 2020 च्या परीक्षेपासूनच आणला. एक ‘बेसिक’, दुसरे ‘स्टँडर्ड’. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिका तेवढ्या दोन. मूळ नियमाने बेसिकवाल्यास अकरावीत गणित घेण्याची मुभा नव्हती. पुढे सवलती द्याव्या लागल्या. आता विज्ञानाचीही अशीच वाटणी व्हावी, असे म्हणणारी मंडळी आमच्या इंदुरातही भेटतात.

मी गाण्याचा मास्तर. विज्ञानाविषयी बोलणे आगाऊपणाचे वाटेल. पण सुरेल, बेसूर आणि तोंडच न उघडणारी अशी चाळीस मुले एका वर्गात सांभाळणे हा माझा रोजचा उद्योग आहे. वडील दरबारचे वादक. तेथे निवड आधी, शिकवणी नंतर. गळा नसलेल्यास उस्ताद दारातूनच परत लावीत. दरबारास ते परवडत असे. शाळेस कसे परवडावे?

मागे आमच्या विज्ञानशिक्षकांनी ‘ध्वनी’च्या पाठासाठी माझी सतार मागून नेली. मोकळी तार षड्ज मानून मुलांनी फूटपट्टीने तारेची मापे घेतली. बरोबर अर्ध्यावर तार षड्ज, घोडीकडील दोन तृतीयांशावर पंचम. हे प्रथम ज्याने हेरले तो वर्गात ‘कच्चा’ म्हणून नोंदलेला मुलगा. पहिल्या नंबरची मुलगी तोवर व्याख्या पाठ म्हणत होती! एका तासावरून सिद्धान्त काढू नये हे खरे. म्हणून मोठा दाखला देतो.

होशंगाबाद (2022 पासून नर्मदापुरम्) जिल्ह्यातील 16 शाळांत 1972 साली किशोर भारती व रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास आरंभ केला. 1978 मध्ये ते जिल्हाभर पसरले. 1982 नंतर ‘एकलव्य’ने धुरा घेतली. चार-चार मुलांची टोळी, टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे, आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. परीक्षेत पुस्तक उघडण्यास परवानगी, आणि हाताने प्रयोग करून दाखविण्याचीही परीक्षा. मुलांना पडलेले प्रश्न पत्राने ‘सवालीराम’कडे जात. खेड्यांतील सरकारी शाळा त्या. तरी मठ्ठ मुलांसाठी वेगळे ‘सोपे विज्ञान’ कोणी काढले नाही. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

दोन पातळ्यांमुळे मुलांची धास्ती कमी होते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु धास्ती प्रश्नपत्रिकेची असते. तारेवर बोट ठेवण्याची कोणास धास्ती वाटलेली मी पाहिली नाही. 2024 चे सहावीचे ‘जिज्ञासा’ हे नवे पुस्तक कृतींनी भरलेले आहे. पण कृतीला सामान लागते, आणि तास चाळीस मिनिटांचा. दुसरी प्रश्नपत्रिका छापणे स्वस्त पडते. शिक्षकांची शिबिरे दरवर्षी भरविणे महाग. होशंगाबादेस तो खर्च 30 वर्षे निभावला गेला.