मामाचा शिळा सल्ला

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, गेम खेळता खेळता लोकांना लाइव्ह दाखवायचाय. प्रोसेसर 16 कोअरचाच घेऊ ना? तूच म्हणायचास!"

म्हणायचो खरा. 2017 साली चित्र चांगलं हवं तर व्हिडिओ एन्कोड करायचं काम प्रोसेसरच्याच गळ्यात पडायचं. गेम अडखळू नये म्हणून मीही 8 कोअर घेतले होते.

पण 2018 मध्ये एनव्हिडियाची ट्युरिंग कार्डं आली आणि कार्डातला वेगळा एन्कोडर इतका सुधारला की तो भार प्रोसेसरवर टाकायची गरजच उरली नाही. म्हणून आता माझं मत असं: 6 कोअरचा नवा प्रोसेसर पुरे. मोठा खर्च ग्राफिक्स कार्डावर करा आणि उरलेल्या पैशांत बरा माइक नि यूपीएस घ्या. आवाज खरखरला तर बघणारा थांबत नाही आणि वीज गेली तर सगळंच बंद.

हे पैसे ताईला लागलेल्या भिशीचे आहेत. माझ्या जुन्या शहाणपणापायी ते वाया गेले असते, तर तिला काय तोंड दाखवलं असतं?

असो. आपण दिलेले सल्लेही शिळे होतात, मंडळी. तुम्ही तुमचे कधी तपासता का?