टर्की संपता संपेना

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटला की माझ्या मोबाइलवर हमखास एक फोटो येऊन पडतो. पाठवणारा दरवर्षी वेगळा, फोटो मात्र तोच. कधी न्यू जर्सीतला मावसभाऊ, कधी डलासला नुकतीच ऑनसाइट गेलेली जुनी टीममेट. उघडा फ्रिज, मधल्या कप्प्यात फॉइलमध्ये गुंडाळलेला एक अगडबंब सांगाडा आणि खाली एकच ओळ : ‘ह्याचं काय करू??’

उत्तरही दरवर्षी तेच. सूप कर. दाट, क्रीमवालं, नूडल्स घातलेलं. आणि काहीही झालं तरी हाडं फेकू नकोस!

बॅकग्राउंड माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेचा घरोघरी जेवायचा सण. लिंकनसाहेबांनी १८६३ साली तो देशभर साजरा करायची घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. ताटात मुख्य पाहुणी टर्की. सहा-सात किलोंचा पक्षी, खाणारी माणसं आठ-दहा, शिवाय बटाट्याचा लगदा, भोपळ्याचा पाय वगैरे मंडळी पोटात जागा अडवायला हजर. म्हणजे टर्की उरणार हे ठरलेलंच. मग यजमानीणबाई घरापासून लांब आलेल्या बिचाऱ्या बॅचलर इंडियन पोरांकडे प्रेमाने बघतात आणि निघताना हातात गाठोडं ठेवतात.

(एक गंमत. ही बाई आपल्याला अगदीच परकी नाही. १६१२ साली जहांगीर बादशहासाठी गोव्याहून ज्या अजब चिजा नेल्या त्यात एक टर्कीही होती. बादशहा इतका खूश झाला की त्याने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज भाषेत टर्कीला म्हणतात ‘पेरू’. चिरून तिखट-मीठ लावायचा मोह झाला ना?)

तर माझ्याही हातात असं गाठोडं पडलं होतं. साल २००८.

एडिसनमध्ये आम्ही दोघं एका वन बेडरूममध्ये राहायचो. रूममेट डोंबिवलीचा. त्याला ऑफिसात सगळे ‘मालक’ म्हणायचे, कारण घराचं भाडं, लाइटबिल, किराणा सगळा हिशोब त्याच्या एक्सेल शीटमध्ये असायचा. पंचवीस सेंटही सुटायचे नाहीत. त्या वर्षी त्याचा प्लॅन फिक्स होता. गुरुवारी ऑफिसातल्या अॅडमिनच्या बाईंकडे जेवण (साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला, मुलगा लांब सिअॅटलला. आम्ही आपसात त्यांना काकू म्हणायचो) आणि मग शुक्रवारी पहाटे चार वाजता लॅपटॉपच्या सेलची रांग.

बुधवारी, २६ नोव्हेंबरला, ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला कुणीतरी म्हणालं, मुंबईत काहीतरी गोळीबार झालाय म्हणे. आम्ही बातमी उघडली. सीएसटी.

मालकाचे बाबा फोर्टमध्ये नोकरीला. रोज रात्री साडेनऊच्या आसपास सीएसटीवरून लोकल पकडायचे. वर्षानुवर्षं तोच डबा, तोच ग्रुप.

पुढचे चार तास कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कॉलिंग कार्डवरची बाई ‘युवर कॉल कॅनॉट बी कम्प्लिटेड’ म्हणत राहिली आणि मालक पुन्हा पुन्हा तेच आकडे दाबत राहिला. बाबांचा मोबाइल बंद. घरचा फोन एंगेज. शेवटी चारच्या सुमाराला शेजारच्यांची लँडलाइन लागली. बाबा ऑफिसातच होते. महिनाअखेरचं काम निघालं म्हणून थांबले होते. शटर आतून ओढून सात-आठ जण रात्रभर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डोंबिवलीला घरी पोचले तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. स्पीकरवर आवाज आला. पहिला प्रश्न, ‘जेवलास का रे?’

जेवला नव्हता. मीही नव्हतो.

गुरुवारी काकूंकडे जायची कुणाला इच्छा होती? टीव्हीवर ताजचा घुमट आणि धूर. पण काकूंचा फोन आला, तुम्ही येताय, फोन बरोबर आणा, टीव्ही माझ्याकडेही आहे. विषय संपला. त्यांच्याकडे जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची पद्धत. कशाबद्दल आभार मानायचे ते. कुणी नातवाबद्दल बोललं, कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल. मालकाची पाळी आली. तो म्हणाला, ‘माझ्या बाबांना ऑफिसात उशीर झाला, त्याबद्दल.’ काकूंनी मान हलवली आणि त्याला सगळ्यात आधी वाढलं. निघताना सांगाडा फॉइलमध्ये बांधून दिला, वर सेलरीचा अर्धा गड्डा. (सेलरी म्हणजे पगार नाही बॉस. कोथिंबिरीच्या खानदानातली ती जाड, कुरकुरीत दांड्यांची भाजी.)

शुक्रवारी लॅपटॉपच्या रांगेत कोणी गेलं नाही. सकाळपासून टीव्ही चालू, दोघं सोफ्यावर. अकरा वाजता मी उठलो आणि काकूंना फोन लावला. हाडांचं काय करायचं?

तर आता नीट लक्ष द्या.

आधी मांस सोडवून घ्या. हाताने, सुरी नको. छाती, मांड्या आणि पाठीकडचे ते दोन गोल चविष्ट तुकडे, जे सगळे विसरतात. तीन वाट्या मांस निघालं तर चौघांचं पोटभर सूप होतं. ते डब्यात घालून परत फ्रिजमध्ये. आत्ता त्याचं काम नाही. उरलेली हाडं हातानेच मोडा, मोठ्या पातेल्यात कोंबा आणि जेमतेम बुडतील इतकं गार पाणी घाला. एक कांदा चार तुकडे करून, एक गाजर, सेलरीच्या दोन दांड्या, तमालपत्र, आठ-दहा मिरे. मीठ नको! टर्की भाजायच्या आधी बऱ्याच घरी मिठाच्या पाण्यात मुरवतात, आणि ते मीठ हाडांबरोबर आपोआप येतं. आम्ही वर चमचाभर घातलं होतं. मग बटाटे टाकून निस्तरावं लागलं.

उकळी फुटायला आली की गॅस एकदम बारीक. काकू फोनवर हेच तीनदा म्हणाल्या. पाणी खदखदलं की चरबी आणि गाळ त्यात घुसळला जातो आणि स्टॉक गढूळ होतो. एखाददुसरा बुडबुडा यावा, बस्स. वर येणारा फेस काढत राहायचं. अडीच-तीन तास. घाईतल्या लोकांनी हाडं कुकरमध्ये घालावीत, शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर पाऊण तास. चालतं, मी करतो. पण त्या दिवशी आम्हाला कुकर नकोच होता. दर दहा मिनिटांनी उठून फेस काढायचा, झारा धुवायचा, परत टीव्हीसमोर बसायचं. ओबेरॉयमधून लोक बाहेर आले होते. नरिमन हाउसवर कमांडो उतरले होते. मालक एक चमचा फेस काढायचा आणि डोंबिवलीला एक फोन करायचा. एक्सेल शीटमध्ये ते कॉलिंग कार्ड त्याने कधीच लिहिलं नाही, हे मला नंतर कळलं.

गाळलेला स्टॉक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी थलथलीत जेली झालेली दिसेल. घाबरून फेकू नका, ती शाबासकी आहे. हाडांच्या सांध्यांतलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन झालं की असं होतं. पायाच्या सुपाला चिकटपणा येतो तो ह्याच्यामुळेच. वरची चरबीची साय चमच्याने उचलायची.

आता दाटपणाचा फंडा. पिठलं येतं ना? मग हे येणारच. भाज्यांसाठी आणखी एक कांदा, दोन गाजरं, दोन दांड्या सेलरी बारीक चिरून ६० ग्रॅम लोण्यावर मऊ होईपर्यंत परता. रंग येऊ द्यायचा नाही. त्यावर तेवढाच, म्हणजे ६० ग्रॅम मैदा भुरभुरा आणि दोन-तीन मिनिटं परतत राहा. कच्चा वास जाऊन बिस्किटासारखा वास आला पाहिजे. बेसन भाजताना नाक जो इशारा देतं तोच. मग स्टॉक घालायचा, पण गरम नाही, कोमट किंवा गार, आणि एकदम नाही. आधी एक डाव, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मग दुसरा. मग तिसरा. एकदा पेस्ट गुळगुळीत झाली की बाकीचा धबाधबा ओता. एकूण दीड लिटर पुरतो. पंधरा मिनिटं बारीक उकळू द्या, अधूनमधून तळाशी उलथनं फिरवा, नाहीतर मैदा लागतो. चिमूटभर थाइम असेल तर छान, नसेल तर नुसती ताजी मिरपूड.

नूडल्स वेगळ्या उकडायच्या. ह्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. अमेरिकेत रुंद, वळ्यावळ्यांच्या एग नूडल्स मिळतात, २०० ग्रॅम पुरेत. आपल्याकडे फेटुचिनी मोडून घ्या. त्या सुपातच शिजवल्या तर मैदा, स्टार्च, स्टॉक सगळं पिऊन टाकतात आणि सकाळी पातेल्यात सूप नसतं, खळ असते. मिठाच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा, चमचाभर लोणी चोळून ठेवा आणि ज्याच्या त्याच्या बाऊलमध्ये घाला. मॅगी वापरू का, असं विचारणाऱ्यांनी प्लीज मला मेल करू नये.

मांस शेवटी. ते कालच शिजलंय, आता नुसतं चांगलं गरम व्हायचंय. अर्धा तास उकळलंत तर छातीच्या मांसाचे दोरखंड होतात. सगळ्यात शेवटी, गॅस मंद करून, अर्धी वाटी क्रीम. हेवी क्रीम असेल तर बिनधास्त. अमूल फ्रेश क्रीम असेल तर त्यात आधी डावभर गरम सूप मिसळून मग घाला आणि नंतर उकळी येऊ देऊ नका, फाटायची भीती असते.

आणि हो, एक कडक सूचना. टर्की ओव्हनमधून निघाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. गप्पा मारत रात्रभर टेबलावर राहिलेली असेल तर सूप वगैरे विसरा, सरळ टाकून द्या. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. म्हणजे सोमवार ही शेवटची तारीख. स्टॉक मात्र फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने आरामात राहतो. पातेलंभर गरम सूप तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, पसरट डब्यांत वाटून निववा. परत गरम करताना अर्धवट कोमट नको, वाफा आल्या पाहिजेत.

इथल्या वाचकांसाठी : डिसेंबरात मुंबई-पुण्यात ऑर्डर दिली तर टर्की मिळते. पण त्यासाठी अडून बसू नका. ऑफिस पार्टीतून उरलेल्या दोन रोस्ट चिकनच्या हाडांवर हे सूप तितकंच मस्त होतं. तंदुरी चालणार नाही, मसाला स्टॉकमध्ये उतरतो आणि भलतंच काहीतरी तयार होतं. शाकाहारींनी मशरूमच्या दांड्यांचा स्टॉक करावा. तोही वाईट नाही, पण जेली वगैरे विसरा.

आमचं सूप त्या रात्री दहाला तयार झालं. मालकाने बाऊल घेतला, एक चमचा चाखला आणि म्हणाला, फिकं आहे रे. मग लहान कढल्यात तूप, भरपूर लसूण, लाल तिखट, अशी चरचरीत फोडणी करून दोन्ही बाऊलमध्ये ओतली. काकूंना हे आम्ही कधीच सांगितलं नाही. साडेदहाच्या सुमाराला टीव्हीवर आलं की ताजमधलीही चकमक संपली. मुंबईत शनिवारची सकाळ होती. आम्ही आवाज बारीक केला. मालकाने डोंबिवलीला फोन लावला आणि ह्या वेळी पहिल्या फटक्यात लागला.

‘जेवलास का?’

‘जेवतोय. सूप केलंय. टर्कीचं, नूडल्स घालून.’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, ‘भात नाही लावलास?’

मालक आता डोंबिवलीलाच असतो. दोन मुलं, स्वतःचा फ्लॅट, एक्सेल शीट चालू आहे. दर नाताळात तो ह्या सुपाचा घाट घालतो, चिकनचं, बाबांसाठी भात वेगळा. आणि दरवर्षी गॅसपाशी उभा राहून मला फोन करतो, आधी क्रीम की आधी लिंबू?

क्रीम गॅसवर, शेवटी. लिंबू बाऊलमध्ये, फोडणीनंतर.