ऊस पिवळा पडला, विचारायचं कुणाला?



लागणीचा ऊस पिवळा पडू लागला की आपण काय करतो? फोटो काढतो आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. संध्याकाळपर्यंत दहा-वीस अंगठे आणि तीन औषधांची नावं जमतात. त्यातलं जे दुकानदाराकडं शिल्लक असेल, ते आणून आपण मारतो. ह्याला सल्ला म्हणत नाहीत.

पिवळेपणाची कारणं निरनिराळी असतात. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. तिथं हिराकस लागतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, तर नत्र कमी पडलं. आणि बेटच वाळत चाललं असेल, हलकं ओढताच हातात येत असेल, तर मुळाशी हुमणी बसलीय. तिथं युरियाचं पोतं ओतलं तर पैसा मातीत गेला. एका फोटोवरून हे कळत नाही. त्यासाठी जाणकार माणूस त्याच वेळी समोर लागतो. "वरचं पान दाखवा, आता खालचं. मुळाशी जरा उकरा बघू." पोंगा वाळला असेल तर तो म्हणेल, "ओढून बघा, घाण वास येतो का?" येत असेल तर खोडकिडा. व्हिडिओ कॉलवर हे सगळं फडात उभं राहूनच होतं.

सरकारचं किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. जरूर वापरा. पण तिकडच्या माणसाला आपली लागणीची तारीख, वाण, लागण की खोडवा, हे काही ठाऊक नसतं. ती नोंद आपल्याच शेती विभागाकडं आहे. म्हणून माझं मत असं, की विभागानं रोज सकाळी सात ते नऊ एक जाणकार माणूस व्हिडिओ कॉलवर बसवावा. यंत्राची ठरीव उत्तरं नकोत. फडात रेंज नसेल (ओढ्याकाठच्या मंडळींना हे सांगायला नको) त्यांच्यासाठी साधा फोन ठेवावा. प्रत्येक प्रश्न वहीत उतरवावा, आणि फोनवर उलगडा झाला नाही तर दोन दिवसांत शेती खात्याचा माणूस बांधावर यावा.

खर्च म्हणाल तर एका माणसाचे दोन तास. हुमणीनं खाल्लेला ऊस कारखान्याच्या काट्यावरही कमीच भरतो.

वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे लिंबा-बाभळीवर जमतील. त्याआधी हे सुरू झालं पाहिजे.