अपरिचित नाव

१९९६ साली लंडनच्या आर्सेनल क्लबने जपानमधील नागोया संघाचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांना व्यवस्थापक नेमले, तेव्हा ‘हा कोण?’ अशीच प्रतिक्रिया उमटली. १९९८ मध्ये संघाने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले; २००३-०४च्या लीगमध्ये ३८पैकी एकही सामना तो हरला नाही. पुढे, २०१८ मध्ये ते पायउतार होण्याआधी, त्यांनी जावे असे फलक चाहत्यांनीच झळकावले. परंतु या विरोधामागे दोन दशकांच्या कामाचा अनुभव होता; १९९६च्या शंकेमागे केवळ नावाचा अपरिचय. पहिली खरी समीक्षा, दुसरा पूर्वग्रह. मात्र मुखपृष्ठावरचे अनोळखी नाव पाहून कवितासंग्रह बाजूला सारणाऱ्या आपण प्राध्यापकांनी त्या चाहत्यांना कोणत्या तोंडाने हसावे?