दहा राग, तीन यंत्रे, एक तबकडी

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही लाँग प्ले ध्वनिमुद्रिका मुंबईत 1982 साली मुद्रित झाली आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती एचएमव्हीच्या शिक्क्याने बाजारात आणली. वादक होते चरणजित सिंग. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यांत त्यांनी वर्षानुवर्षे वाजवले होते आणि चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्डीही निघाल्या होत्या. ही तबकडी मात्र त्या वाटेने गेली नाही. एका बाजूला भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती; दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मैफल जिथे संपते ती भैरवी इथे पहिली आहे. रेकॉर्ड खपली नाही. मर्यादित आवृत्ती काढायची असे कोणी ठरवले नव्हते. ग्राहकांनीच ती मर्यादित केली.

मुद्रणात तीन यंत्रे आहेत आणि तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची. टीआर-808 हे तालयंत्र, टीबी-303 हे खर्जातल्या साथीचे छोटे यंत्र, आणि ज्युपिटर-8 हा एका वेळी आठ स्वर देणारा सिंथेसायझर. ती सिंगापूरहून आणलेली होती. 303 वर सोळा पायऱ्यांत स्वरावली भरून ठेवली की ती 808 च्या ठेक्याशी बांधलेली फिरत राहते. वादकाचे हात ज्युपिटरसाठी मोकळे राहतात, आणि रागाचा विस्तार होतो तो तिथे.

या रचनेत कोणाची जागा कोणी घेतली हे पाहिले की प्रयोग उलगडतो. तंबोऱ्याने धरून ठेवायचा अवकाश 303 च्या फिरत्या स्वरावलीने व्यापला. तबल्याच्या जागी 808 आला, पण त्याच्या सरळ चार मात्रांत खाली नाही. त्यामुळे समेवर येण्याचे सुख या तबकडीत शोधू नये. मींड मात्र हरवलेली नाही. 303 मध्ये एका स्वरावरून पुढच्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ज्युपिटरमध्येही स्वर सरकवता येतो. जपानी कारागिरांनी बेस गिटारची नक्कल करण्यासाठी केलेली ही सोय रागदारीच्या कामी आली, आणि ती ओळखणे हेच या वादकाचे खरे कर्तृत्व आहे.

अडचण आहे ती स्वरस्थानांची. कळफलकाचे यंत्र सप्तकाचे बारा समान भाग करते. भूपाळीचा किंवा यमनचा गंधार तंबोऱ्याशी जुळवून लावला तर तो षड्जापासून सुमारे 386 सेंटवर बसतो. यंत्र तो 400 वर देते. तोडीचा अतिकोमल गंधार तर कळांच्या मधल्या फटीत राहतो. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे पुस्तक 1910 मध्ये काढले, आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासोबत श्रुतींची पेटी बनवून घेण्यापर्यंत ते गेले. चरणजित सिंगांनी ती वाट धरली नाही; यंत्राचे स्वर आहेत तसे घेतले. म्हणूनच भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी या पाच स्वरांच्या रागांना या यंत्रांवर अधिक बळ मिळते. त्यांची ओळख स्वर वगळण्यात आणि चलनात आहे, ती समान भागांतही टिकते. तोडीला हा प्रयोग पुरेसा पडत नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे.

एडो बाउमन या डच संग्राहकाला ही रेकॉर्ड 2002 मध्ये दिल्लीच्या एका दुकानात मिळाली. त्यांनी मुंबईत येऊन वादकाला गाठले आणि 2010 मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर तिची नवी आवृत्ती काढली. जगभर गाजावाजा झाला, कारण शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड, ज्यापासून ॲसिड हाउस सुरू झाले असे मानतात, ती 1987 ची; आणि 303 चा तसाच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी मुद्रित झालेला. मग मुंबईने ॲसिड हाउस शोधले अशी वाक्ये छापली गेली. ती चुकीची आहेत. मुंबईची रेकॉर्ड शिकागोत कोणी ऐकलेली नव्हती. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी दोन वेगळी कामे उभी राहिली. या तबकडीचे मोल रागाच्या बाजूने ठरवले पाहिजे, आणि ते काम इथल्या जाणकारांनी करायचे राहून गेले आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये मूग सिंथेसायझर आला होता. गीता साराभाई, अतुल देसाई आणि इतरांनी त्यावर केलेल्या कामाच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि 2023 मध्ये त्यांच्या तबकड्या निघाल्या. मुंबईचे काम रेकॉर्डमुळे वाचले, अहमदाबादचे फितींमुळे.

आज प्रायोगिक संगीताच्या दोनशे-तीनशे प्रतींच्या तबकड्या पुन्हा निघत आहेत. या आकड्यामागे आधी कारखान्याचे गणित असते. लाखेच्या तबकडीवर खाच कोरायची, तिच्यावर चांदीचा आणि मग निकेलचा थर चढवायचा, तो सोलून साचा तयार करायचा. हा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. एक साचा साधारण हजारभर प्रती नीट देतो. म्हणून छोट्या आवृत्तीत मधल्या प्रतिकृती गाळून लाखेवरून निघालेल्या पहिल्या साच्यानेच दाबणी उरकतात. पण साचा बिघडला की पुन्हा कोरण्यापासून सुरुवात. प्रतींवर हाताने क्रमांक घालून किंमत चढवणे हा नंतरचा भाग. त्यात गैर काही नाही, पण तो संगीताचा गुण नव्हे.

ध्वनिमुद्रकाने जास्त लक्ष द्यावे ते बाजूच्या लांबीकडे. बारा इंची तबकडी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरते, तेव्हा बाहेरच्या खाचेचा वेग सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर असतो, आतल्या टोकाला तो 21 वर येतो. त्यामुळे तार स्वरांची चकाकी शेवटच्या तुकड्यात मंदावते. खर्ज जड असेल तर खाचा रुंद लागतात, आणि बाजू वीस मिनिटांपुढे गेली की आवाज उतरवावा लागतो. चरणजित सिंगांच्या तबकडीत बाजूला सुमारे पंचवीस मिनिटे भरली आहेत. इतक्या खर्जाचे काम आज कोणी करत असेल तर त्याने सरळ दोन तबकड्या कराव्यात आणि भरगच्च तुकडे बाहेरच्या कडेला ठेवावेत.

वेष्टनावर यंत्रांची नावे, षड्ज कोणता धरला, स्वरांची जुळणी, मुद्रणाची तारीख आणि जागा, खाच कोणी कोरली आणि प्रती किती, एवढे छापलेच पाहिजे. मूळ फीत किंवा फाइल किमान दोन ठिकाणी असावी.

चरणजित सिंगांचे जुलै 2015 मध्ये मुंबईत निधन झाले. त्यांच्या रेकॉर्डची एचएमव्हीची पहिली प्रत ज्यांच्या घरी असेल त्यांनी लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले अंक दोन्ही बाजूंनी उतरवून घ्यावेत, वेष्टनाची छायाचित्रे काढावीत आणि ती 1990 पासून मुंबईत काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सभासदांपर्यंत पोचवावीत.