परतीचं सामान

परदेशवारीचा शेवटचा दिवस मोठा चमत्कारिक असतो. बॅगा वजनकाट्यावर ठेवून २३ किलोंचा हिशेब जुळवायचा असतो. घरच्या वरणभाताची ओढ लागलेली असते आणि त्याच वेळी 'आणखी दोन दिवस मिळाले असते तर' अशी चुटपुटही असते. आनंद म्हणावा तर तो निर्भेळ नाही, दुःख म्हणावं तर तेही नाही.

लंडनहून परतताना आमच्या घरात हेच झालं. विमानतळावर मुलीनं विचारलं, "बाबा, आपल्याकडे असं का नाही?" 'असं' म्हणजे कसं, हे तिला नेमकं सांगता येईना, पण मोकळे पदपथ आणि ब्रिटिश म्युझियममध्ये शांतपणे घालवलेली सकाळ आम्हा मोठ्यांनाही आठवत होती. आई मात्र लगेच म्हणाली, "आपल्याकडे जे आहे, ते इथं कुठं आहे गं?" दोघींचंही खरं होतं. परदेशातून निघताना होणारी घालमेल नुसती गाव सोडण्याची नसते. ही दोन वाक्यं एकाच वेळी मनात वाजत असतात, त्याची ती असते.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे अजिंठ्याला गेलो, तेव्हा या घालमेलीला तिथं जुनी सोबत असल्याचं जाणवलं. सोळाव्या लेण्यातलं 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून ओळखलं जाणारं चित्र अभ्यासकांच्या मते नंदाच्या पत्नीचं आहे. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. तो भिक्षू झाला, पण त्याचं मन घरीच राहिलं. पाय एकीकडे आणि जीव दुसरीकडे, ही अवस्था पाचव्या शतकातल्या चित्रकारांनाही चितारण्याजोगी वाटली होती.

दुसरी सोबत मेजर रॉबर्ट गिलची. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्यांचा बोलबाला झाला. पुढे, १८४४ मध्ये, मद्रास फौजेतला गिल इथल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि इथलाच होऊन गेला. त्याच्या आयुष्यात आलेली पारो १८५६ मध्ये गेली; तिचं स्मारक अजिंठा गावात आहे. गिलनं लंडनला पाठवलेली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तरी तो परत गेला नाही. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला त्याचं दफन झालं. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत.

म्हणजे आमच्या लेकीला हेवा वाटला त्या शहरातही अजिंठ्याचा अंश आहे, आणि आईला अभिमान वाटतो त्या अजिंठ्याच्या कहाणीत एका परक्या माणसाची पस्तीस वर्षं आहेत. 'आपलं' आणि 'त्यांचं' इतकं सरळ वाटून घेता येत नाही.

पण एक फरक मनाला लागतो. परदेशात आपण नकाशा हातात घेऊन, फलक वाचत हिंडतो. इथं मात्र फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून बसनं लेण्यांपाशी यायचं आणि दोन तासांत सगळी लेणी उरकून जेवणाच्या वेळेला परत निघायचं, असाच बहुतेकांचा बेत असतो. अंधाराला डोळे सरावायच्या आतच आपण पुढच्या लेण्यात शिरलेलो असतो. मुलीच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथंही आहे. जागा जपली जाते ती कायद्यानं आणि पैशानं. पण त्याआधी ती थांबून पाहणाऱ्या माणसांमुळे जपली जाते.

म्हणून परतीच्या वेळची ती संमिश्र भावना झटकून टाकू नये. 'आपल्याकडे काहीच नाही' आणि 'आपल्याकडे सगळंच होतं' ही दोन्ही तिच्यातून सुटायची सोपी वाक्यं आहेत. परक्या गावात आपण डोळे आणि सवड दोन्ही वापरतो. परतीच्या सामानात तेवढं आणता आलं, तर त्याला वजनकाटा आड येत नाही. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन अजिंठ्याला जा. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. आणि निदान एका लेण्यात, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, गप्प उभे राहा.